बक्षीसपत्रात न लिहिलेली अट

मुलाला बक्षीसपत्राने दिलेला फ्लॅट परत मिळवण्यासाठी आईने केलेल्या अर्जाचं हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या शहरातलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि कुणाचंही नाव दिलेलं नाही. अर्जदार आईला इथे काकू म्हटलं आहे, कारण कामाच्या वेळी सगळे त्यांना तसंच म्हणत. अर्जाचा मसुदा आमच्या कार्यालयात झाला, त्यामुळे हे लिखाण एका बाजूने पाहिलेलं आहे, एवढं वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

पार्श्वभूमी

काकूंचे यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि २०१६ साली गेले. मागे दोन बेडरूमचा फ्लॅट, काकूंना कुटुंबनिवृत्तिवेतन, एक विवाहित मुलगी आणि एक मुलगा. मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून काकूंचं नाव होतं, म्हणून घर आता आईचं झालं असंच सगळे धरून चालले. नॉमिनी हा फक्त सांभाळणारा असतो, मालकी वारसांची. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगा आणि मुलगी यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा होता. ही गोष्ट सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितल्यावर २०१८ मध्ये दोन्ही मुलांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं. इथपर्यंत सगळं व्यवस्थित झालं. या एका कागदाने पुढे फार मोठं काम केलं, म्हणून त्याचा उल्लेख आधीच करून ठेवतो.

वर्षभरात मुलाने विषय काढला: फ्लॅट आत्ताच माझ्या नावावर कर, नंतर कटकट नको. दस्त करून देणाऱ्या एजंटाने त्याला दुजोरा दिला. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं किंवा मृत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये पडतात. शहरातला अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. लाखोंच्या घराचा व्यवहार इतका स्वस्त झाल्यामुळे लोक तो विचार न करताच उरकतात, असं माझं मत आहे. मृत्युपत्र केलं तर प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचं न्यायालयाचं शिक्कामोर्तब, घ्यावं लागेल अशी भीतीही घालण्यात आली. वास्तविक मुंबईबाहेर केलेल्या आणि मुंबईबाहेरच्या मिळकतीच्या मृत्युपत्राला तशी सक्ती नव्हती.

नोव्हेंबर २०१९ मध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवलं गेलं. मजकूर नेहमीच्या साच्यातला: लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता मिळकत दिली आहे, लिहून घेणार हे लिहून देणार यांचे चिरंजीव असून त्यांची सेवा-शुश्रूषा करीत आहेत. पुढेही सांभाळ करावा, न केल्यास बक्षीस रद्द होईल, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आदल्या रात्री मुलीने घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं होतं की आईच्या राहण्याचं काय. भावाने उत्तर दिलं होतं की आई हयात असेपर्यंत घर तिचंच, तिचं खाणंपिणं, औषधपाणी सगळं माझ्याकडे, या बोलीवरच उद्या सही होते आहे. मामांनी त्याखाली संमतीचा अंगठ्याचा इमोजी टाकला होता.

अडचण

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग मुलाचा धंदा बसला. कोविडनंतर अनेकांचा बसला, आणि या माणसाला सुरुवातीपासून आईला बाहेर काढायचं होतं असं मानायला मला आधार दिसत नाही. देणी वाढली, घरात चिडचिड वाढली. काकूंची खोली नातवाच्या अभ्यासाला गेली आणि त्या हॉलमध्ये झोपू लागल्या. औषधांचा खर्च हळूहळू मुलीकडे सरकला. मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘बघू पुढच्या महिन्यात’ करत वर्षभर लांबलं. २०२३ च्या उन्हाळ्यात काकू मुलीकडे महिनाभर राहून परतल्या तर दाराचं कुलूप बदललेलं. सुनेने दार उघडलं, पण नवी किल्ली काही दिली नाही.

खरी ठिणगी सोसायटीतून पडली. मुलाने फ्लॅट तारण ठेवून कर्ज मागितलं, बँकेने सोसायटीचा ना-हरकत दाखला मागितला, आणि सेक्रेटरींनी काकूंना जिन्यात गाठून विचारलं की तुम्हाला हे माहीत आहे ना. काकूंना माहीत नव्हतं.

त्या पोलीस ठाण्यात गेल्या. तिथे अदखलपात्र तक्रार लिहून घेतली आणि ‘घरातला मामला आहे, कोर्टात जा’ असं सांगितलं. ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवरून त्यांना प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाची माहिती मिळाली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय समजुतीचा. मामा मध्ये पडले आणि मुलाने फ्लॅट परत आईच्या नावावर करावा असं सुचवलं. मुलगा तेव्हा थोडा तयारही झाला होता. पण २०० रुपयांची सवलत वरून खाली येणाऱ्या बक्षिसाला आहे. मुलाने आईला द्यायचं म्हटलं तर ३ टक्के मुद्रांक शुल्क आणि वर अधिभार. देणी अंगावर असलेल्या माणसाला तेवढी रक्कम काढणं जड होतं. मुलगी ती भरायला तयार झाली, त्यावर भावाला वाटलं की घर शेवटी ताईलाच हवं आहे. बोलणी तिथेच तुटली.

दुसरा पर्याय दिवाणी दाव्याचा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे दिलेलं बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीने परत घेता येत नाही. आधी ठरलेली अट मोडली असेल, किंवा फसवणूक, दबाव अशी करार रद्द करण्याजोगी कारणं असतील, तरच ते रद्द होतं. एकतर्फी रद्दलेख नोंदवून काम भागत नाही. शिवाय दस्त रद्द करून मागायला तीन वर्षांची मुदत असते, ती कधीपासून मोजायची यावरच वाद झाला असता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने दिवाणी दाव्याच्या तारखा किती वर्षं करायच्या, हा प्रश्न होताच.

तिसरा, कौटुंबिक हिंसाचार कायदा. आई मुलाविरुद्ध त्याखाली अर्ज करू शकते आणि राहण्याचा हक्क तातडीने मिळू शकतो, पण मालकीचा प्रश्न तसाच राहतो. कर्जाची टांगती तलवार असताना काकूंना फक्त राहण्याचा हक्क पुरेसा वाटेना.

चौथा पर्याय २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियमातल्या कलम २३ चा. ज्येष्ठ नागरिकाने मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा पुरवण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानलं जातं, आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवतं. महाराष्ट्रात हे न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकारी, लोकांच्या भाषेत प्रांत. खर्च नगण्य, पद्धत संक्षिप्त. काकूंनी हाच मार्ग धरला.

अडथळा: अट कुठे आहे?

अर्ज करायचा त्या वेळी, म्हणजे २०२३ मध्ये, या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२२ चा सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी हा निकाल समोर होता. आई-वडील मुलांना मिळकत देतात तेव्हा दर वेळी सांभाळाची अट असतेच असं नाही, कित्येकदा ती निव्वळ मायेपोटी दिलेली असते. म्हणून अट होती हे न्यायाधिकरणापुढे सिद्ध झालंच पाहिजे, असा त्याचा गाभा. मुलाच्या बाजूने हाच निकाल पुढे येणार हे उघड होतं.

निकाल मात्र नीट वाचायला हवा. त्या प्रकरणात अर्जदार आईने हक्कसोडपत्र अटीवर केलं होतं असं आपल्या अर्जात म्हटलेलंच नव्हतं. अट दस्तातच लिहिलेली हवी, बाहेरचा पुरावा चालणारच नाही, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. आमचा सगळा मसुदा या फटीतून गेला. अर्जाच्या तिसऱ्याच परिच्छेदात लिहिलं की बक्षीसपत्र हयातीपर्यंत सांभाळ करण्याच्या स्पष्ट अटीवर झालं, ती अट आदल्या रात्री लेखी कबूल झाली, आणि दस्तातला सेवा-शुश्रूषेचा उल्लेख त्या समजुतीशी जुळतो. प्रांत कार्यालयात मिळणाऱ्या छापील नमुन्यावर अर्ज भरला असता तर त्यात ‘मुलगा सांभाळत नाही’ एवढंच आलं असतं आणि प्रकरण तिथेच संपलं असतं.

दुसरा निर्णय अर्जात काय मागायचं नाही याचा होता. कलम ४ आणि ५ खाली दरमहा निर्वाह मागता येतो, कमाल मर्यादा १०,००० रुपये. पण निर्वाहासाठी ‘स्वतःच्या उत्पन्नातून चालवता येत नाही’ हे दाखवावं लागतं, आणि काकूंना निवृत्तिवेतन होतं. ती मागणी घातली असती तर सुनावणीचा सगळा वेळ त्यांच्या पासबुकावर गेला असता. कलम २३ ला ती गरिबीची अट नाही. मुलीला हे पटत नव्हतं, तिचं म्हणणं होतं की जे मिळेल ते मागावं. शेवटी काकूंनीच ठरवलं: पैसे नकोत, घर हवं.

काय घडलं

नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्ज दाखल झाला. त्याची प्रत सोसायटीला दिली आणि प्रकरण प्रलंबित असताना कर्जासाठी ना-हरकत देऊ नये असं लेखी कळवलं. सोसायटीने दाखला थांबवला आणि कर्ज अडकलं. माझ्या मते पूर्ण प्रकरणातली सर्वांत उपयोगी चाल हीच. एकदा बँकेचा बोजा चढला असता तर पुढे बक्षीसपत्र रद्द होऊनही काकूंच्या हाती कर्जासकट घर आलं असतं, किंवा बँकेशी वेगळी लढाई.

पुराव्याची बाजू नाजूक होती. मुलीचा फोन मधल्या काळात बदलला होता, जुने संदेश गेले होते. मुलगा ग्रुपमधून बाहेर पडला होता. मामांच्या जुन्या फोनवर मात्र सगळं शाबूत होतं. अर्ज जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणजे नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू होण्यापूर्वीचा, त्यामुळे प्रश्न जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चा. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने हजर केलं तर नको. न्यायाधिकरणाची पद्धत संक्षिप्त असते, तिथे एवढ्या काटेकोरपणाची गरज पडेलच असं नाही. तरी दोन्ही केलं: छापील प्रतींना मामांचं प्रमाणपत्र जोडलं आणि मामा फोन घेऊन स्वतः जबाबाला उभे राहिले. फोन पाहिल्यावर मुलाने संदेश नाकारला नाही. ‘ते बहिणीला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं’ असं तो म्हणाला. या एका वाक्याने अट होती की नाही हा वाद जवळजवळ संपवला.

अट मोडल्याचा पुरावा साधा होता: मुलीने भरलेली औषधांची बिलं, डोळ्यांच्या डॉक्टरांचे ऑपरेशन सुचवणारे कागद, शेजारच्या बाईंचा जबाब. वकिलाला पक्षकाराच्या वतीने उभं राहायला कलम १७ ने मनाई आहे. काही उच्च न्यायालयांनी त्याविरुद्ध मत दिलं असलं तरी इथे दोन्ही बाजूंनी आग्रह धरला नाही. काकू स्वतः बोलल्या, तुटक पण मुद्द्याचं.

मुलाचा एक युक्तिवाद मात्र वजनदार होता. वडिलांच्या घरात एक तृतीयांश हिस्सा माझा जन्माचाच होता, बक्षीस रद्द झालं तरी तेवढा माझ्याकडे राहिला पाहिजे. माणुसकीच्या पातळीवर हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. कायद्याच्या पातळीवर २०१८ च्या हक्कसोडपत्राने तो हिस्सा आईकडे गेला होता, आणि त्या दस्ताला कुणी आव्हान दिलेलं नव्हतं. ते हक्कसोडपत्र केलंच नसतं तर काकूंना बक्षीस देता आला असता तो फक्त स्वतःचा तिसरा हिस्सा, आणि तेवढाच परत मिळाला असता.

निर्वाहाच्या अर्जाला कायद्याने ९० दिवसांची मुदत घातली आहे. या कामाला सोळा महिने लागले. २०२४ हे निवडणुकांचं वर्ष. प्रांत आधी लोकसभेच्या आणि मग विधानसभेच्या कामात अडकलेले, तारखा नुसत्या पुढे ढकलल्या जात होत्या.

त्या दिरंगाईचा एक अनपेक्षित फायदा झाला. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऊर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित हा निकाल दिला. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या त्या प्रकरणात आईने मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं आणि मुलाने वेगळ्या वचनपत्रात सांभाळाची हमी दिली होती. हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, आणि गरज असेल तिथे न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देऊ शकतं, असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर ‘आता अट नसली तरी बक्षीसपत्र रद्द होतं’ अशा मथळ्यांचा पूर आला. निकाल तसं म्हणत नाही. तिथे दस्तात सांभाळाचा उल्लेख होता आणि बरोबर वचनपत्रही होतं. अट हवी हे तत्त्व तसंच आहे, ती कुठे शोधायची याची कक्षा रुंदावली. दोन्ही निकाल दोन न्यायाधीशांच्या पीठांचे आहेत. आम्ही लेखी युक्तिवादात दोन्ही एकमेकांसोबतच मांडले आणि काकूंचं प्रकरण दोन्हींत बसतं असं म्हटलं. फक्त नवा निकाल दाखवून जुना झाकायचा मोह टाळला, कारण समोरचा पक्ष तो दाखवणारच होता.

निकाल

मार्च २०२५ मध्ये आदेश झाला. अट सिद्ध, अट मोडली हेही सिद्ध, बक्षीसपत्र रद्दबातल. आदेशाची नोंद घेण्यासाठी प्रत दुय्यम निबंधकांना. काकूंना एक खोली आणि किल्ली तत्काळ. मुलाच्या कुटुंबाला घराबाहेर काढण्याची मागणी मात्र नाकारली. सुनावणीच्या शेवटी सुनेने दंडाधिकाऱ्यांपुढे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला होता, हे सामाईक घर आहे आणि मला इथून काढता येणार नाही, म्हणून. एस. वनिता प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे एकमेकांना धरून वाचायला सांगितले आहेत: ज्येष्ठांच्या कायद्याचा उपयोग सुनेचा निवाऱ्याचा हक्क मोडण्यासाठी होऊ नये. प्रांतांनी त्यावर बोट ठेवलं. मला हा भाग योग्य वाटतो. सुनेचं या व्यवहारात काहीच ठरलेलं नव्हतं, तिला कुणी विचारलंही नव्हतं.

मुलाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील केलं. कलम १६ च्या शब्दांप्रमाणे अपिलाचा हक्क फक्त ज्येष्ठ नागरिकाला किंवा पालकाला आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो दोन्ही पक्षांना आहे असं म्हटलं, मद्रासने उलट. इथे पुन्हा वळण आलं. अपील चालूच शकत नाही असा आक्षेप घ्यायचा, की बोलणी करायची? आक्षेप मान्य झाला असता तर मुलगा रिट घेऊन उच्च न्यायालयात गेला असता आणि आदेशाला स्थगिती मिळण्याची शक्यता होती. काकूंनी बोलणी निवडली. सप्टेंबर २०२५ मध्ये कमलाकांत मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या ऐंशी वर्षांच्या वडिलांच्या बाजूने मुलाला खोल्या रिकाम्या करण्याचा आदेश कायम केला, तेव्हा समोरच्या वकिलांचाही सूर मऊ झाला.

दिवाळीपूर्वी तडजोड झाली. मुलगा कुटुंबासह जवळच भाड्याच्या घरात गेला, पहिल्या अकरा महिन्यांची अनामत काकूंनी आपल्या ठेवीतून दिली. सुनेने आपला अर्ज मागे घेतला, मुलाने अपील. सोसायटीने आदेशाची प्रमाणित नक्कल पाहून भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) पुन्हा काकूंच्या नावे केलं. नुसत्या झेरॉक्सवर ते करायला नकार दिला, तेही बरोबरच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

वेगळं काय करता आलं असतं

२०१९ मध्ये मृत्युपत्र केलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. मुलाला ‘आत्ताच’ हवं होतं म्हणून ते जमत नव्हतं असं धरलं, तरी मधला मार्ग होता: हयातीपर्यंत राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क स्वतःकडे राखून बक्षीसपत्र. ताबा न देता केलेलं नोंदणीकृत बक्षीसपत्रही वैध असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रेनिकुंतला राजम्मा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. त्याला सांभाळाच्या अटीचं एक वाक्य आणि कलम २३ चा उल्लेख जोडायला एजंटाला पाच मिनिटं लागली असती. असा दस्त असता तर बँकेनेही त्यावर सहजी कर्ज दिलं नसतं.

मुलीने २०१८ मध्ये आपला हिस्सा बिनशर्त सोडला, तिथेही प्रश्न आहे. तिने तो राखला असता तर भावाला पूर्ण फ्लॅट तारण ठेवता आलाच नसता. पण मग आईला आज पूर्ण घर परत मिळालं नसतं. दोन्ही बाजूंनी विचार करूनही मी यावर ठाम मत देऊ शकत नाही.

समजुतीच्या टप्प्यावर मुद्रांक शुल्काची रक्कम मुलीऐवजी काकूंच्या ठेवीतून भरायचं सुचवलं गेलं असतं तर बहुधा २०२३ मध्येच प्रश्न मिटला असता. अनामत भरताना शेवटी तीच ठेव मोडावी लागली. सुनेलाही सुरुवातीच्या बोलण्यात बसवायला हवं होतं. मामा, मुलगा, मुलगी, काकू एवढेच बसले, आणि जिचं राहतं घर जाणार ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिचा अर्ज आला तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं, वाटायला नको होतं.

काकूंना आता मृत्युपत्र करायला सुचवलं आहे. निम्मं मुलाला, निम्मं मुलीला, असा त्यांचा सध्याचा विचार आहे. मसुदा तयार आहे, पण सही करण्याआधी तो मुलगा, सून आणि मुलगी या तिघांनाही वाचून दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. कायद्याने त्याची गरज नाही आणि आम्ही तसा सल्लाही दिलेला नाही. पुढच्या महिन्यात सगळे एकत्र बसणार आहेत.